विलीची सुटका आणि केइकोची सोबत

मुलांना गाणे शिकविणाऱ्याला १९९३ सालचा ‘फ्री विली’ हा अमेरिकन चित्रपट विशेष जवळचा वाटावा. आईने टाकलेला जेसी सांभाळासाठी एका परक्या दांपत्याकडे येतो, पण कोणालाही मनाजवळ येऊ देत नाही. समुद्रातून धरून आणून हौदात कोंडलेला ऑर्का विली, तोही तसाच एकलकोंडा. जेसीच्या माउथ ऑर्गनचे सूर मात्र त्याला ओढून आणतात.

पुढे खेळाच्या दिवशी गर्दीचा गलका होतो, काचेवर थापा पडतात आणि बिथरलेला विली काहीच करून दाखवीत नाही. एकांतात रंगणारी विद्या भर मैफलीत रुसते, हे आम्हा दरबारी गवयांच्या मुलांना नवे नाही. अखेर जेसी आपल्या या एकुलत्या सोबत्याला समुद्रात सोडतो.

विलीचे काम करणाऱ्या केइकोला १९७९ साली आइसलंडजवळ पकडले होते. चित्रपटामुळे लोक हळहळले, पैसा जमला आणि २००२ साली त्याला मोकळा समुद्र मिळाला. तो पोहत नॉर्वेला गेला, पण तेथेही माणसांचीच सोबत शोधीत राहिला. डिसेंबर २००३ मध्ये तो तेथेच वारला.

वाचकहो, मुलांना हा चित्रपट अवश्य दाखवा, आणि केइकोची हकीकतही सांगा. दार उघडता येते. लहानपणी जडलेली सवय सहजी सुटत नाही.