उचलली क्रेन, लावली छताला!

एक डॉलर खिशात आहे? मग १३८ मीटर उंचीची क्रेन तुमची!

थाप नाही, असा सौदा खरंच झालाय. स्वीडनमधल्या माल्मोची कोकम्स क्रेन एका दमात १,५०० टन उचलायची. तिथला जहाजबांधणीचा धंदा बसला आणि कोरियाच्या ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजनं ती चक्क एका डॉलरला घेतली. अर्थात, सुटी करून घरी न्यायचा खर्च घेणाऱ्याचा! २००२ मध्ये क्रेन निघाली आणि अख्खं माल्मो हळहळलं. कोरियात तिला नाव मिळालं 'माल्मोचे अश्रू'.

अश्रू पुसा, आता विक्रम! चीनच्या यान्ताई शिपयार्डमधल्या 'ताइसुन'नं १८ एप्रिल २००८ रोजी पाणी भरलेला बार्ज उचलला. वजन २०,१३३ टन! आणि माहीत आहे का, ही क्रेन जागची इंचभरही सरकत नाही. उचलायचा माल तरंगत तिच्या पोटाखाली येतो.

मॉलमध्ये बटणं दाबून टेडी पकडायचं मशीन खेळलायत? अभिनंदन, तुम्ही क्रेन चालवलीय! कारखान्यातली ईओटी (इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग) क्रेन ही त्याच मशीनची थोरली बहीण. शेडच्या लांबीत धावते ती एलटी (लाँग ट्रॅव्हल), रुंदीत सरकते ती सीटी (क्रॉस ट्रॅव्हल) आणि हूक वर-खाली करतो तो हॉइस्ट. तीन हालचाली, बस्स. एवढ्यावर शेडचा जवळपास प्रत्येक कोपरा तिच्या टप्प्यात.

सिंगल की डबल? प्रश्न लग्नाचा नाही, गर्डरचा म्हणजे क्रेनच्या आडव्या तुळईचा आहे! सिंगल गर्डरमध्ये हॉइस्ट गर्डरच्या खाली लटकतो. क्रेन हलकी, स्वस्त, आणि शेडच्या कॉलमवरही भार कमी. डबल गर्डरमध्ये ट्रॉली दोन्ही गर्डरच्या डोक्यावरून पळते आणि हूक मधल्या फटीतून वर चढतो. म्हणजे शेड तेवढीच, पण हूकला जास्तीची उंची! जॉब उंच असेल, भार मोठा असेल, स्पॅन (दोन्ही बाजूंच्या रुळांमधलं अंतर) लांब असेल, तर डबलच घ्या.

कॉलमवर ट्रॅक टाकायला जागाच नाही? मग क्रेन छतालाच टांगा. हिला म्हणतात अंडरस्लंग. ऐकायला किरकोळ वाटते ना? चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीवर २०१६ मध्ये जी प्रचंड कमान सरकवली, तिच्या पोटात अशाच टांगलेल्या दोन क्रेन आहेत. प्रत्येकीचा पूल सुमारे ९६ मीटर लांब, क्षमता ५० टन. आतला जुना ढाचा माणसांनी दूर राहून उतरवायचा, हे त्यांचं काम. इतक्या धोक्याच्या जागी माणसाऐवजी हूक पुढे जातो, यापेक्षा क्रेनचं मोठं कौतुक कुठलं?

छतच नाही? नो टेन्शन, गोलायथ आहे ना! तिचे पाय थेट जमिनीवरच्या रुळांवर. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ शिपयार्डात 'गोलायथ' १९६९ मध्ये उभी राहिली, जोडीदार 'सॅमसन' १९७४ मध्ये. प्रत्येकीची क्षमता ८४० टन, स्पॅन १४० मीटर. शहराला त्या इतक्या आवडल्या की आज त्या संरक्षित वारसा आहेत. आपल्या माझगाव डॉकमध्येही ३०० टनी गोलायथ आहे आणि कोचीन शिपयार्डच्या नव्या गोदीत ६०० टनी! न्हावा-शेवाला कंटेनर रचणाऱ्या त्यांच्या भावंडांना तर रूळही लागत नाहीत, ती रबरी टायरवर हिंडतात.

एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळं? सेमी-गोलायथ घ्या, एकाच बाजूला पाय. एकाच मशीनपुरतं काम? जिब क्रेन पुरे. माल ठरलेल्या एकाच रेषेत जाणार? मोनोरेल. आणि इमारत गोल असेल तर? कुडनकुलमसारख्या अणुभट्टीत घुमटाखाली वर्तुळाकार रुळावर फिरणारी पोलर क्रेन असते!

आता सगळ्यात झणझणीत माहिती. क्रेन घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो, "किती टन?" अहो, त्याच्या बरोबरीनं विचारा, "दिवसातून किती वेळा?"

चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या वीजगृहात प्रत्येकी १,२०० टनांच्या क्रेन आहेत. जनरेटरचा अवाढव्य रोटर जागेवर बसवायला दोघींनी मिळून हात लावला. पण रोटर काही रोज उचलत नाहीत! मोठं काम झालं की अशा क्रेनला भरपूर आराम. उलट भंगाराच्या यार्डात मॅग्नेट घेऊन धावणारी २० टनी क्रेन तिन्ही शिफ्ट राबते, म्हणून तिचे गिअर, ब्रेक, मोटर सगळं जास्त दणकट लागतं. यासाठीच आयएस ३१७७ या भारतीय मानकात एम१ ते एम८ असे ड्यूटीचे वर्ग आहेत. एम१ निवांत, एम८ म्हणजे पोलाद कारखान्यातली अहोरात्र धावपळ. टन बरोबर आणि वर्ग चुकीचा निवडला, तर क्रेन पहिल्या वर्षात गोड बोलते, मग मेंटेनन्सवाल्यांना रात्री उठवते.

माहीत आहे का, लटकलेला भार किती वेगानं झुलेल हे वजनावर ठरत नाही? दोरी १० मीटर असेल तर १ टन असो की ५० टन, एका झोक्याला साधारण सव्वासहा सेकंदच! म्हणून फास्ट क्रेन म्हणजे भारी क्रेन, असं समजू नका. झटक्यात सुटली की झोका आलाच. व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू बदलणारा ड्राइव्ह) लावा, सुरुवात आणि थांबणं मऊ होतं.

नासाच्या व्हेइकल असेंब्ली बिल्डिंगमधल्या दोन क्रेन बघा. प्रत्येकी ३२५ अमेरिकन टनांच्या आणि काम रॉकेटचे भाग एकमेकांवर अलगद बसवायचं. तिथे घाईला एन्ट्रीच नाही.

कायद्याचाही एक नगेट घ्या. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनं सांगून ठेवलं होतं : ट्रॅकजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये. शिवाय १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी! नवी क्रेन आली की तिला क्षमतेच्या १२५ टक्के भार देऊन परीक्षाही घेतात. हा खर्च कुणी वाचवू पाहत असेल, तर त्याच्या हुकाखाली उभे राहू नका, प्लीज.

आणि शेवटचा बॉम्ब! दसऱ्याच्या उत्सवात ४२ किलोचा खंडा उचलायची स्पर्धा कुठे रंगते? जेजुरीत! आता सांगा, फिनलंडच्या कोनक्रेन्सचा क्रेन बनवणारा कारखाना पुणे जिल्ह्यात कुठे आहे? जेजुरीतच! सदानंदाचा येळकोट!