दूरदेशीची रोल्स रॉइस आणि घरापर्यंतचा रस्ता

जुनी आलिशान मोटार दूरच्या राज्यात विकत घेऊन ती ट्रकवर न चढवता स्वतः चालवत घरी आणण्याची पद्धत अमेरिकेत चांगली रुळलेली असून तिचे मूळ त्या देशाच्या हवामानात आहे. ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकले जाते. ते खारे पाणी चाकांच्या कमानींत, दारांच्या तळाशी आणि पत्र्याच्या सांध्यांत मुरते आणि वरून धडधाकट दिसणारी गाडी काही वर्षांत आतून पोखरून टाकते. दक्षिण कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा या कोरड्या प्रदेशांत मात्र पन्नास वर्षांची गाडीसुद्धा मूळ पत्र्यासह टिकलेली सापडते. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, आसनांचे चामडे नवे घालता येते, परंतु गंजलेला सांगाडा पूर्ववत करण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. म्हणून न्यू जर्सीतला जाणकार ग्राहक घराजवळची स्वस्त गाडी सोडून साडेचार हजार किलोमीटरवरची गाडी पसंत करतो. या प्रवासाच्या वर्णनांत साहसाचाच भाग अधिक रंगवला जातो, पण वस्तुतः तो खरेदीच्या व्यवहाराचाच शेवटचा आणि सर्वांत कठीण टप्पा असतो, आणि पैसे मोजण्यापूर्वीच त्याचा विचार झालेला असावा लागतो.

हे समजून घेण्यासाठी रोल्स रॉइसच्या सिल्व्हर शॅडोइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ब्रिटनमधील काटेकोर अभ्यासक १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारींनाच व्हिंटेज मानतात आणि शॅडोसारख्या नंतरच्या गाड्यांना क्लासिक म्हणतात, परंतु सर्वसामान्य बोलण्यात हा भेद पाळला जात नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात प्रथम दाखवली गेलेली ही गाडी इंग्लंडमधील क्रू येथील कारखान्यात १९८० पर्यंत तयार होत राहिली आणि तिच्या दोन्ही आवृत्त्या मिळून सुमारे २५,००० गाड्या बाहेर पडल्या. त्यापूर्वी या कंपनीच्या मोटारींना लोखंडी चासी असे आणि तिच्यावर स्वतंत्र बॉडी चढवली जाई. शॅडोमध्ये तळ, खांब आणि छत मिळून एकच सांगाडा करण्यात आला, ज्याला तंत्रज्ञ मोनोकॉक म्हणतात. या रचनेमुळे गाडी आटोपशीर झाली आणि आतली जागा वाढली, पण गंजाचा धोकाही अधिक गंभीर झाला, कारण तळाचा पत्रा कुजला की येथे गाडी पेलणारा भागच निकामी होतो.

संख्येने विपुल असल्यामुळे ही रोल्स रॉइस आज कित्येकदा नव्या मध्यम मोटारीपेक्षाही कमी किमतीत मिळते, आणि बहुसंख्य ग्राहक फसतात ते याच ठिकाणी. गाडीची किंमत उतरली तरी तिचे सुटे भाग आणि कुशल कारागिराची मजुरी उतरलेली नसते. जी गाडी तीन मालकांनी केवळ लग्नसमारंभापुरती बाहेर काढली आणि जिच्यावर दुरुस्तीचा एक पैसाही खर्च केला नाही, ती अतिशय कमी दरात विकायला येते आणि नव्या मालकाला त्या सर्व वर्षांचा खर्च एकदम भरावा लागतो. म्हणून अनुभवी ग्राहक रंगाची चकाकी पाहण्याआधी बिलांची फाइल मागतो.

फाइलमध्ये सर्वांत आधी ब्रेकचा इतिहास शोधावा, कारण शॅडोचा ब्रेक सामान्य मोटारीच्या ब्रेकसारखा नाही. इंजिनवर बसवलेले दोन छोटे पंप द्रव सतत दाबाखाली ठेवतात आणि हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १७० पटींपर्यंत जातो. तो ॲक्युम्युलेटर नावाच्या दोन गोलाकार भांड्यांत साठवला जातो, ज्यांच्या आत रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो. पॅडलवरच्या पायाचा जोर प्रामुख्याने झडपा उघडण्यापुरता असतो; चाकांवरचे कॅलिपर आवळले जातात ते या साठवलेल्या दाबाने. गाडीची उंची समतल राखणारी, फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीकडून परवान्याने घेतलेली यंत्रणाही याच द्रवावर चालते. दोन टनांहून जड गाडी इतक्या हळुवारपणे थांबते याचे श्रेय या रचनेला आहे, आणि तिच्यातील पन्नास वर्षांच्या रबरी होज व सील बदललेल्या नसतील तर त्या गाडीतला सर्वांत मोठा धोकाही तिच्यातच दडलेला असतो.

या यंत्रणेची प्राथमिक परीक्षा कोणत्याही ग्राहकाला जागेवर करता येते. इंजिन सुरू करून ब्रेकदाबाचे इशारा देणारे दिवे विझेपर्यंत थांबावे, मग इंजिन बंद करून किल्ली पुन्हा फिरवावी, म्हणजे इंजिन न चालता केवळ विजेचे दिवे जिवंत होतात, आणि ब्रेकचे पॅडल एका लयीत दाबत मोजत राहावे. ॲक्युम्युलेटर निरोगी असतील तर तीस-चाळीस वेळा दाबूनही दिवा लागत नाही; चार-सहा दाबांतच दोन्हींपैकी एक दिवा पेटला तर साठवलेला वायू निघून गेला आहे असे समजावे. त्यानंतर बॉनेटखालील द्रवाच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहावे: द्रव काळपट आणि गढूळ असेल तर तो अनेक वर्षे बदललेला नाही, आणि हवेतील ओल शोषून घेण्याच्या त्याच्या गुणधर्मामुळे आतल्या धातूला गंज धरला असण्याची शक्यता मोठी असते. शॅडोसाठी आरआर ३६३ या नावाचा विशिष्ट द्रव ठरवून दिलेला आहे. तिच्यानंतर १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल वापरले जाते, आणि ते चुकून शॅडोमध्ये ओतले गेले तर प्रत्येक सील फुगून निकामी होते. वाटेतल्या एखाद्या सद्हेतूने मदत करणाऱ्या गॅरेजवाल्याच्या हातून हा अपघात घडू शकतो, म्हणून योग्य द्रवाचे डबे डिकीत बरोबर ठेवणे हा या प्रवासाचा पहिला नियम मानला जातो.

त्या मानाने इंजिनाची चिंता कमी असते. सुरुवातीच्या गाड्यांत ६,२३० घनसेंटिमीटरचे आणि १९७० पासून ६,७५० घनसेंटिमीटरचे आठ सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन आहे, आणि त्यात वेट लायनर म्हणजे ज्यांच्याभोवती थेट पाणी खेळते अशी सिलिंडरची सुटी नळकांडी बसवलेली असतात. शीतक द्रव वेळच्या वेळी बदललेला असेल तर हे इंजिन दीर्घायुषी ठरते. साधे पाणी भरून चालवलेल्या इंजिनात मात्र ॲल्युमिनियम झिजते. स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेतील जनरल मोटर्सचा असल्यामुळे तो दुरुस्त करणारा माणूस तेथे लहान गावातही भेटतो.

कागदपत्रांच्या बाबतीत अमेरिकेत टायटल या मालकीपत्राला सर्वाधिक महत्त्व आहे. विक्रेत्याचे नाव मालकीपत्रावरील नावाशी जुळते का, त्यावर एखाद्या कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का, आणि पत्रावरील क्रमांक गाडीवर कोरलेल्या चासी क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे पाहिल्याशिवाय रक्कम हस्तांतरित करू नये. शॅडोच्या क्रमांकातील अक्षरांवरून गाडी उजव्या हाताच्या चालनासाठी घडली की डाव्या, हेही कळते. गाडी घरच्या राज्यात नोंदली जाईपर्यंत रस्त्यावर आणण्यासाठी तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि त्याची मुदत व अटी राज्याराज्यांत वेगळ्या असतात. धूर तपासणीच्या नियमांतून कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे, त्यामुळे १९७४ ची आणि १९७६ ची शॅडो यांच्या व्यवहारात बराच फरक पडतो. विमा ठरीव मूल्याचा असावा, म्हणजे अपघात झाल्यास मिळणारी रक्कम विमा घेतानाच दोन्ही पक्षांनी मान्य केलेली असावी. अन्यथा विमा कंपनी अशा गाडीचे मोल केवळ वयावरून ठरवू शकते.

कोरड्या प्रदेशातील गाडीचेही काही दोष असतात. पत्रा शाबूत राहतो, पण प्रखर उन्हाने आसनांचे चामडे तडकते, डॅशबोर्डवरील अक्रोडाच्या लाकडी पातळ थराला चिरा जातात आणि दारांची रबरे दगडासारखी कडक होतात. टायरच्या नक्षीची खोली पाहून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांचा संकेत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतो, आणि नक्षी नव्यासारखी असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर वाळवंटातील तापलेल्या महामार्गावर फुटू शकतो. याच कारणाने वर्षानुवर्षे गॅरेजात झाकून ठेवलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा नियमाने चालवलेली अधिक किलोमीटरची गाडी घेणे शहाणपणाचे ठरते. उभ्या गाडीत सील वाळतात, टाकीत पेट्रोलचा चिकट साका बसतो आणि ब्रेकचे पिस्टन जागच्या जागी अडकतात.

लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला निघालेल्या गाडीची खरी कसोटी दुसऱ्याच टप्प्यात लागते. बार्स्टोपासून सुरू होणारा आय ४० महामार्ग मोहावीचे वाळवंट ओलांडून कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्स या अतिउष्ण गावी येतो, आणि तेथून साडेतीनशे किलोमीटरच्या आत रस्ता समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून फ्लॅगस्टाफच्या २,१०० मीटरपर्यंत चढतो. चढावर इंजिन तापते. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा प्रकार, ज्याला व्हेपर लॉक म्हणतात, घडू शकतो. आणि उंचावरील विरळ हवेत कार्ब्युरेटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडू लागल्याने इंजिनाची ताकद घटते. तेथील पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मऊ करून फोडते, म्हणून निघण्यापूर्वी इंधनाच्या नळ्या बदलून घेणे आवश्यक असते. उन्हाळ्यात हा टप्पा पहाटे ओलांडावा. पुढे अल्बुकर्की, ॲमरिलो, ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस, नॅशव्हिल असा मार्ग तुलनेने सौम्य आहे. शॅडो लिटरमागे साधारण पाच किलोमीटर धावते आणि टाकी शंभर लिटरहून थोडी मोठी असते, तेव्हा दर चारशे किलोमीटरला पेट्रोल, तेल, पाणी आणि ब्रेकद्रव यांची एकत्रच पाहणी होऊन जाते. टेनेसीतून आय ८१ ला लागल्यावर वाटेवरच, पेनसिल्व्हेनियातील मेकॅनिक्सबर्ग येथे, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या रोल्स रॉइस ओनर्स क्लबचे मुख्यालय आहे. अशा क्लबच्या सभासदांकडून वाटेवरील जाणकार कारागिरांची नावे आधीच मिळवून ठेवणे हा रस्त्यावरील विम्यापेक्षाही उपयोगी आधार असतो.

लांब अंतराशी रोल्स रॉइसचे नाते जुने आहे, किंबहुना तिची कीर्तीच त्यावर उभी राहिली. १९०७ मध्ये सिल्व्हर घोस्ट या गाडीने लंडन आणि ग्लासगो यांदरम्यान फेऱ्या करीत, इंजिन आपणहून बंद न पडता, १४,३७१ मैल म्हणजे सुमारे २३,००० किलोमीटर पार केले. त्याच्या पुढच्याच वर्षी पर्ल ऑफ द ईस्ट नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई–कोल्हापूर विश्वासार्हता चाचणीत सह्याद्रीचे घाट चढून उतरली आणि नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली.

आज भारतात मात्र असा प्रवास सहज शक्य नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातील खासगी गाडीला व्हीए मालिकेचा विशेष क्रमांक मिळतो. त्यासाठीचे नोंदणी शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. परंतु ही गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, दैनंदिन किंवा व्यावसायिक वापरासाठी नव्हे. या नियमांनी जुन्या गाड्यांना भंगारातून वाचवले हे त्यांचे मोठे कार्य आहे. खरेदीनंतर घरापर्यंतच्या एका प्रवासासाठी स्वतंत्र व स्पष्ट परवानगीची तरतूद त्यांत झाली तर ते अधिक उपकारक ठरतील. तोपर्यंत कोलकात्यात घेतलेली मोटार पुण्याला आणायची तर बंदिस्त ट्रकच बरा. न्यू जर्सीतही ऐतिहासिक वाहनांच्या क्यूक्यू नंबरप्लेटवर याच धर्तीची बंधने असल्याने, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने गाडी घेण्याआधीच ती कोणत्या प्रकारात नोंदवायची हे ठरवलेले बरे.

घरी पोहोचलेल्या मालकाला गाडी कोणत्या वेगाला थरथरते, किती चढावर तापते, थंड असताना कशी सुरू होते हे सारे माहीत झालेले असते, आणि ट्रकवरून उतरवलेल्या गाडीविषयी हे ज्ञान मिळायला वर्ष लागते. हे चालवत आणण्याचे खरे मोल आहे. तरीही ब्रेकच्या होज कधी बदलल्या हे बिलावरून सिद्ध होत नसेल तर गाडी ट्रकनेच आणावी, आणि विक्रेता स्वतः शेजारी बसून शंभर किलोमीटर ती चालवू द्यायला तयार नसेल तर ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये.