मांजराच्या खाजेचा मागोवा

पवनाकाठी मोरया गोसावींच्या समाधीच्या आश्रयाने वाढलेल्या चिंचवडने 1954 साली शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन होताना पाहिला, 1970 साली नगरपालिकेचा आणि 1982 साली महानगरपालिकेचा अंमल स्वीकारला, आणि याच अवधीत वाड्याच्या कोठीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाळलेले मांजर सदनिकेतील अंथरुणावर, घरच्या माणसाच्या हक्काने, येऊन निजू लागले. पूर्वी गुरांचा दवाखाना असे तो बैलाच्या खुरासाठी आणि म्हशीच्या कासेसाठी. मांजराचे केस गेले तर 'लूत लागली' एवढा निवाडा करून त्यास घराबाहेर घालवीत, आणि कोणास अनुकंपा आलीच तर खोबरेलात कालवलेल्या गंधकापलीकडे तजवीज जात नसे.

या उपेक्षेस शास्त्राच्या अज्ञानाचीही जोड होती. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने 1906 साली ॲलर्जीची कल्पना मांडली, तरी मांजराच्या त्वचेपर्यंत ती पोहोचण्यास कित्येक दशके लागली. पोटावरचे व मांड्यांच्या आतील केस दोन्ही अंगांस सारखेच नाहीसे झालेले, त्वचा मात्र निर्मळ, हे लक्षण पाहून पाश्चात्त्य पशुवैद्यदेखील संप्रेरकांचा दोष मानीत आणि मेजेस्ट्रॉल ॲसिटेट देत. केस परत येत, त्यामुळे निदानास दाखला मिळाल्यासारखे वाटे. वस्तुतः ते औषध कॉर्टिसोनप्रमाणे खाजच शमवीत होते, आणि त्याच्या सेवनाने काही मांजरांस मधुमेह व स्तनांच्या गाठी होऊ लागल्या. पुढे ते केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहता टोके तुटलेली आढळली, तेव्हा ते झडत नसून चाटून तोडले जात आहेत हे सिद्ध झाले. या सबंध इतिहासात मी सर्वाधिक महत्त्व देतो ते या साध्या परीक्षेला, कारण चाटणे म्हणजे स्वच्छता अशी आपली पक्की समजूत असते, आणि पुष्कळ मांजरे माणसादेखत चाटीतही नाहीत.

आज रोगाची रूपे ठाऊक झाली आहेत: पाठीवरून हात फिरविताना बोटांस लागणाऱ्या बाजरीएवढ्या खपल्या, मान व डोके ओरबाडून झालेल्या जखमा, चाटून उघडे पडलेले पोट, वरच्या ओठावरचा व्रण. नायटा व खरजेचे किडे यांचा संशय फिटल्यावर पहिला आरोप पिसूवर ठेवावा. "आमच्या मांजरावर पिसू नाही" ही साक्ष ग्राह्य धरू नये, कारण मांजर पिसवा चाटून गिळते, आणि त्यांची अंडी व अळ्या गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. चिंचवडच्या पावसाळी दमट हवेत तर त्यांची वाढ जोमाने होते. म्हणून घरातील प्रत्येक जनावरावर एकाच वेळी, खंड न पाडता, औषध लागते. त्यानेही भागले नाही तर आठ आठवडे पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार द्यावा, आणि या मुदतीत शेजारच्या आजींनी प्रेमाने घातलेला सुक्या बोंबलाचा तुकडाही वर्ज्य समजावा. मासळी व कोंबडी हीच पुष्कळदा कारण असतात. एवढे करूनही खाज उरली तर धूळ-परागादींची ॲलर्जी मानतात. रक्ताच्या तपासणीने हे निदान ठरत नाही.

उपचारांत प्रेडनिसोलोन अद्याप प्रमुख आहे. 2011 साली अमेरिकेत मांजरांसाठी सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाल्यापासून दीर्घकाळ स्टेरॉईड देण्याची सक्ती उरलेली नाही. पिसूवर मानेवर टाकण्याचे थेंब 1990च्या दशकात आले आणि मांजरांचे फार मोठे दुःख त्यांनी हलके केले.

मात्र कुत्र्यासाठी आणलेले पर्मेथ्रिनयुक्त थेंब मांजरावर कधीही टाकू नयेत. त्याच्या यकृतास ते पचविता येत नाहीत, आणि झटके येऊन मांजर दगावते. चुकून पडलेच तर ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे.