रात्रीचें जेवण : सार, कोशिंबीर आणि एक मुख्य पदार्थ

घरांतील जेवणाचा मान दुपारकडून रात्रीकडे गेला आहे, ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरांच्या अजून ध्यानांत आलेली दिसत नाहीं. पूर्वीं माध्यान्हीं पंगत बसे, डावी-उजवी बाजू भरून पान वाढलें जाई, आणि रात्रीं पिठलें-भातावर भागे. आतां दुपारीं मुलें शाळेंत, मुलगे आणि सुना कचेरींत, ज्याचा डबा ज्याच्याबरोबर. घरीं काय तीं आम्ही दोघें म्हातारीं. तीन पिढ्या एका ओळीनें बसतात त्या रात्रीं साडेआठालाच. आणि हें दिवसांतलें एकुलतें एक सहभोजन रांधावयाचें कोणीं, तर सात वाजतां दमून घरीं आलेल्या सुनेनें! तिनें पाकिटांतलें सूप उकळत्या पाण्यांत कालविलें, कीं आमच्या वयाच्या मंडळींनीं नाकें मुरडावयाचीं. आम्हांस हा न्याय पसंत नाहीं. पण तें पाकीटहि पसंत नाहीं.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाहीं. संस्कृतांत 'सूप' म्हणजे शिजविलेलें वरण, आणि आचारी तो 'सूपकार'. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें पाककृतींचें जें मराठी पुस्तक 1875 सालीं निघालें, त्याचेंहि नांव 'सूपशास्त्र'च. एवढ्यावरून इंग्रजांचें सूप मूळचें आपलेंच, असें कांहीं उत्साही गृहस्थ सांगतात. तें खरें नव्हे. तो शब्द फ्रेंचांतून इंग्रजींत गेला, व त्याचा जुना अर्थ रश्शांत भिजविलेला पावाचा तुकडा असा आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळवूं नये. शिवाय तिची गरजहि नाहीं. आयुर्वेदानें सांगितलेला 'यूष' आपल्या घरांत कढण या नांवानें नांदतोच आहे.

कढणास मूग कोरडे भाजून घ्यावे, भरपूर पाण्यांत मऊ शिजवावे, घोटून गाळावे आणि तुपांत जिरें, हिंग व ठेचलेलें आलें घालून वरून फोडणी द्यावी. आजाऱ्याचें म्हणून यास हिणविण्याची रीत आहे. पण मीठ-लिंबू नेमकें पडलें, तर निरोगी माणूसहि दुसरी वाटी मागतो. आमसुलाचें सार त्याहून सोपें. दहाबारा आमसुलें चार वाट्या ऊन पाण्यांत अर्धा तास भिजत घालावीं, चुरून गाळावीं, लहान लिंबाएवढा गूळ, एक मिरची आणि तूप-जिऱ्याची फोडणी घालून एकच उकळी आणावी. मीठ शेवटीं, आणि चाखून. कारण कित्येक आमसुलांस वाळवितांनाच मीठ लागलेलें असतें. फार उकळूं नये, स्वाद उतरतो.

आतां त्या पाकिटावरचीं बारीक अक्षरें भिंग घेऊन वाचावीं. बहुधा मक्याचें पीठ, साखर आणि मीठ हीं पुढेंच दिसतील. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाकाठीं 5 ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. म्हणजे लहान चमचाभरहि नव्हे. ज्या घरांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारें कोणी आहे, त्या घरानें हा हिशेब करून पाहावा.

'परकें तें नको' असा जर कोणी आजोबा हट्ट धरील, तर तोहि चालावयाचा नाहीं. टोमॅटो, बटाटा, भुईमूग आणि आपली हिरवी मिरची, हीं सर्व अमेरिका खंडांतलीं. 1492 नंतर तीं समुद्र ओलांडून इकडे आलीं. मिरचीवांचून फोडणी आणि दाण्याच्या कुटावांचून कोशिंबीर आज कोणास रुचेल? तेव्हां टोमॅटोच्या सारास सोंवळ्याची अडचण सांगूं नये.

कोशिंबिरीविषयीं मात्र आम्ही अधिकारानें बोलतों, कारण आमच्या घरीं तें खातें आमच्याकडे आहे. काकडीच्या देंठाकडचा तुकडा आधीं चाखावा. कडू निघाल्यास तेवढा भाग टाकावा. मग ती विळीवर बारीक चोचवावी. किसूं नये, किसलेली काकडी लगदा होते. तीवर दाण्याचें कूट, चिमूटभर साखर, लिंबू, आणि तूप, जिरें, हिंग व मिरचीची फोडणी. मीठ पानें मांडल्यावरच घालावें, कारण मीठ लागतांच काकडी पाणी सोडते व पांच मिनिटांत कोशिंबिरीचा रस्सा होतो. गाजर किसलें तरी चालतें. कोबी इतका बारीक चिरावा कीं दांत नसलेल्यासहि खातां यावा. लाल भोपळा उकडून दह्यांत कालवावा. हें काम बसून होतें, त्यास ताकद लागत नाहीं आणि आमच्याजवळ वेळ भरपूर आहे. एका शेजाऱ्यांनीं विळीवर बसलेलें पाहून "मास्तर, हें काय?" असें विचारलें. आम्ही त्यांस विराटपर्वाची आठवण दिली. तेथें भीम बल्लव नांवानें मुदपाकखान्यांत राबतो. आणि नळराजा तर बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या घरीं पाकक्रियेचें कौशल्य दाखवितो. ते गृहस्थ हंसून निघून गेले. त्यांच्या घरीं अजून सून एकटीच आहे.

राहतां राहिला मुख्य पदार्थ. तो रात्रीं एकच असावा, पण मनापासून केलेला असावा. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुऊन सहा वाजतां निथळत ठेवावी. हेंहि घरीं असणाऱ्यानें करावें. सून आल्यावर फोडणी तिच्या हातची. आधीं मोहरी, ती तडतडली कीं जिरें, मग हिंग, आणि हळद सर्वांच्या मागून, कारण ती लौकर करपते. धान्य परतून तिप्पट आधणाचें पाणी घालावें आणि कुकरचें झाकण लावावें. आंतल्या दाबामुळें पाणी सुमारें 120 अंश सेल्सियसपर्यंत तापतें, म्हणून हें काम लौकर उरकतें. तेवढ्या अवधींत साराची उकळी येते व पोरें पाटपाणी करतात. आमच्याकडे हा सारा खटाटोप आतां पाऊण तासांत आटोपतो, आणि सून जेवावयास सर्वांबरोबर बसते. मागून एकटी बसत नाहीं.

खिचडीचा कंटाळा आल्यास पिठलें आहेच. वाटीभर बेसनास तीन वाट्या पाणी; पीठ आधीं थंड पाण्यांत कालवून घेतलें म्हणजे गुठळी होत नाहीं. तें पातळ असावें कीं घट्ट, यावर आमच्या घरांत दोन तट आहेत, म्हणून भाकरीच्या दिवशीं घट्ट आणि भाताच्या दिवशीं पातळ असा तह झाला आहे. सणाचे दिवशीं पुरणाच्या डाळीचें पाणी ओतूं नये. रात्रीं त्याच कटाची आमटी करावी. ती दुसऱ्या दिवशीं अधिक चांगली लागते, पण आमच्या घरीं ती उरत नाहीं.