कणीस, कडबा आणि उताऱ्याची हद्द

ज्वारीचा विषय निघाला की सोलापूरकडे एक वाक्य हमखास कानावर येते : "शाळूत काय मिळतंय? ऊस लावा." या वाक्यातले अर्थशास्त्र मला कळते. त्यामागचा वनस्पतिशास्त्रीय समज मात्र मला पटत नाही. ऊस हे मुळातच जास्त पिकवणारे झाड आणि ज्वारी ही गरीब, मागासलेली, असा तो समज आहे. वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र बरीच वर्षे शिकवल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो, की ही दोन्ही गवतकुळातली जवळची भावंडे आहेत आणि उन्हापासून साखर करण्याची त्यांच्या पानांतली यंत्रणा एकच आहे. मग एकाचा उतारा टनांत आणि दुसरीचा क्विंटलांत का?

कोणत्याही पिकाचा उतारा हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो. पानांनी किती ऊन अडवले, त्यातल्या कितीचा पाला-काडी-दाणा झाला, आणि त्या एकूण वजनातला कितवा हिस्सा आपल्या कामाच्या भागात गेला. जॉन मॉन्टिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा हिशोब नीट मांडला.

यातला दुसरा आकडा वाढवणे सर्वांत अवघड. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर विलक्षण संथ आहे. एका सेकंदात ते जेमतेम तीनेक रेणू हाताळते. त्यातही गहू-भातासारख्या पिकांत दर चार-पाच वेळांतून एकदा ते चुकून ऑक्सिजनच पकडते, आणि ती चूक निस्तरायला झाडाची कमावलेली शक्ती खर्ची पडते. ऊस, ज्वारी, मका, बाजरी यांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत गोळा होतो आणि मग शिरेभोवतीच्या पेशींत रुबिस्कोपुढे दाटीने सोडला जातो. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात हा मार्ग उलगडला तो उसाच्याच पानांवर. पण ही तोडही अमर्याद नाही. गणिताने काढलेली कमाल गव्हासारख्या पिकांत मिळालेल्या सौरऊर्जेच्या ४.६ टक्के, ज्वारी-उसात ६ टक्के. शेतातली हंगामभराची सरासरी याच्या पुष्कळ खाली राहते.

हरितक्रांतीनेही हा आकडा फारसा हलवलेला नाही. बोरलॉग यांनी जपानी 'नोरिन १०' च्या वंशातला बुटकेपणा गव्हात आणला तेव्हा बदलला तो तिसरा आकडा. झाड काडीवर खर्च करीत होते ते दाण्यावर करू लागले. दाण्याचा वाटा तिसऱ्या हिश्शावरून निम्म्यापर्यंत गेला. तो साठ-पासष्ट टक्क्यांपलीकडे नेता येणार नाही, कारण दाणा पोसायला पाने आणि कणीस तोलायला ताट लागतेच. हाच उपाय ज्वारीवर झाला. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे बुटके संकरित वाण आले आणि खरिपात पसरले. रब्बीत मात्र अशी वाणे मालदांडीला हटवू शकली नाहीत. मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेले 'एम ३५-१' आजही पेरले जाते. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणणाऱ्यांनी कधी कडब्याचा भाव विचारलेला नसावा. ज्याला दावणीची जनावरे जगवायची आहेत, त्याच्या दृष्टीने ताटाचे दाण्यात रूपांतर हा नफा नसून अदलाबदल आहे.

आता पाण्याकडे येतो, कारण खरी हद्द तिथे आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पानाला रंध्रे उघडावी लागतात आणि उघडली की आतली वाफ निसटते. हवेत तो वायू अवघा ०.०४ टक्के, पानाच्या आत मात्र वाफेची दाटी. त्यामुळे सौदा नेहमी तोट्याचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी कोलोरॅडोत कुंड्या तोलतोलून मोजले : एक किलो कोरड्या वजनासाठी गव्हाला सुमारे ५०० लिटर पाणी, ज्वारीला ३०० च्या आसपास.

हा आकडा शाळूला लावून पाहा. चांगली खोल काळी जमीन पावसाळ्याअखेर पिकाला उपयोगी असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरते, म्हणजे एकरी ८ लाख लिटर. भेगांतून आणि पृष्ठावरून उडालेले वजा जाता ५ लाख लिटर झाडातून गेले असे धरू. ३०० ने भागले की साधारण १७ क्विंटल कोरडे वजन. त्याचा तिसरा हिस्सा दाणा म्हटला तर साडेपाच क्विंटल. हिशोब ढोबळ आहे, पण कोरडवाहू शाळू काढणाऱ्या कोणालाही ही रक्कम ओळखीची वाटेल. ज्वारी मागासलेली नाही. तिला दिलेल्या पाण्यात जेवढे होते तेवढे ती करते.

ऊस वेगळे काय करतो? तो बारा महिने रानात उभा राहून बारा महिन्यांचे ऊन अडवतो आणि त्यासाठी १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी घेतो. सोलापूरचा पाऊस साडेपाचशे-सहाशे. उरलेला उतारा धरणाचा आणि बोअरचा. (शिवाय टनांत तोलल्या जाणाऱ्या त्या उसाचे सत्तर टक्के वजन पाण्याचेच असते.)

कडब्याचा विचार इथे पुन्हा करावा लागतो. ताट जनावराच्या पोटातून शेण होऊन रानात परतले तर कर्ब आणि पालाश परत येतात, आणि कर्ब असलेली माती पाणी जास्त धरते. बैल गेले, शेणखत गेले, की हिशोबातले ते २०० मिलिमीटरही हळूहळू आटतात. वरून युरिया टाकून ही तूट भरत नाही. नत्र मिळते, ओल मिळत नाही.

मला विचाराल तर वाढीला सर्वांत जास्त वाव एका संरक्षित पाण्यात आहे. ज्वारी पोटरीत असताना पानांचा पसारा तयार झालेला असतो. त्या वेळचे पाणी नवा पाला वाढवण्यात जात नाही, थेट दाणा भरण्याच्या कामी येते. असे एक पाणी म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर. एका एकर उसाला पावसाव्यतिरिक्त १४०० मिलिमीटर द्यावे लागत असेल, तर तेवढ्यात २० एकर शाळूला पोटरीतले पाणी मिळते.