कवळी बसत नाही? आधी जबडा मोजून घ्या!

"डॉक्टर, ओठांचे कोपरे पुन्हा चिरले बघा." राई गावच्या एक आजी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा हीच तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. आधीच्या दोन्ही वेळी मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि मलम दिले होते. कोपरे भरून येत आणि पुन्हा चिरत. या खेपेला तपासण्या केल्या. साखर ठीक होती, पण हिमोग्लोबिन ९ वर आले होते आणि वजन ४ किलोने घटले होते. तेव्हा सोबतची सून म्हणाली, "आई भाकरी खातच नाहीत. पेज, नाहीतर चहात बुडवलेला पाव."

मग मी आजींना कवळी घालून दात मिटायला सांगितले. हे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते. दात मिटताच हनुवटी नाकाकडे सरकली, ओठ आत दुमडले आणि कोपऱ्यांत खोल घडी पडली. त्या घडीत लाळ साचायची, त्या ओलाव्यावर बुरशी वाढायची आणि कातडी चिरायची. कवळी हिरड्यांना घट्ट धरत होती. चूक होती ती दोन्ही जबड्यांमधल्या अंतरात. ती कवळी कोणीतरी एका दिवसात करून दिली होती. हिरड्यांचे माप घेतले होते, जबड्यांचे नाही.

जबड्याची बिजागरी

वाचकहो, कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलते ती जबड्याची बिजागरी. अशा दोन बिजागऱ्यांवर आपला खालचा जबडा टांगलेला असतो. दाराची बिजागरी नुसती फिरते. ही फिरते आणि पुढेही सरकते. तोंडात दात असतात तोवर वरचे-खालचे दात एकमेकांत बसून जबड्याला त्याची जागा दाखवतात. सगळे दात गेले की ही खूण पुसली जाते. मग ती जागा नव्याने शोधून नोंदवावी लागते.

अमेरिकेतील दंतवैद्य बॉनविल यांनी १८५८ साली सांगितले, की दोन्ही सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य जोडला तर सुमारे ४ इंच बाजूंचा समभुज त्रिकोण होतो. हे झाले सरासरी माप. प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो, म्हणून १८९९ साली स्नो यांनी एक उपकरण पुढे आणले. त्याचे नाव फेसबो.

नावे समजून घेऊ

आमच्या आजींना मी मुंबईच्या एका दंत महाविद्यालयात पाठवले. परत आल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या नळीसारखेच काहीतरी माझ्या कानात घातले!" तोच फेसबो. धनुष्याच्या आकाराची धातूची पट्टी. तिची दोन टोके कानांत किंवा कानांपुढे बसतात आणि मधला काटा वरच्या जबड्यावरील मेणात रुततो. वरचा जबडा सांध्यांपासून किती दूर आणि कसा आहे, एवढेच तो टिपतो.

अनेकांचा समज असतो की खालचा जबडाही हेच यंत्र मोजते. तसे नाही. खालच्या जबड्याची नोंद मेणाच्या कडा तोंडात बसवून, त्या एकमेकींवर मिटवून वेगळी घ्यावी लागते. मग दोन्ही जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ज्या यंत्रात बसवतात तो आर्टिक्युलेटर, म्हणजे टेबलावरचा जबडाच. दात त्यावर रचले जातात. नोंद चुकली तर रचना कितीही सुबक असो, तोंडात ती चुकणारच.

आणखी दोन शब्द कानावर पडतील. 'व्हर्टिकल डायमेन्शन' म्हणजे चेहऱ्याची उंची. स्वस्थ बसलो असता आपले दात टेकत नाहीत. मध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहते. ती शोधायला दंतवैद्य 'म' म्हणायला लावतात, आवंढा गिळायला सांगतात. उंची कमी पडली तर आजींसारखे होते. जास्त झाली तर बोलताना दात खटखटतात आणि हिरड्या दुखतात.

'सेंट्रिक रिलेशन' म्हणजे दातांवर अवलंबून नसलेली, सांध्यांच्या आधाराने ठरणारी खालच्या जबड्याची जागा. पूर्वी ही जागा जबडा सर्वांत मागे असताना मानत. १९८७ साली दंतवैद्यांच्या परिभाषाकोशात ही व्याख्या बदलली. शास्त्रज्ञांनाही जिथे व्याख्या बदलावी लागली, तिथे हे काम घाईचे नाही हे उघड आहे.

रुग्णाने काय करावे?

फेसबो वापरला नाही म्हणून दंतवैद्य वाईट, असे समजू नका. त्याशिवाय केलेल्या कवळ्याही चांगल्या चालतात. मात्र दोन जबड्यांचा संबंध नोंदवणे आणि मेणात रचलेले दात तोंडात घालून पाहणे, या दोन पायऱ्या गाळू देऊ नका. संपूर्ण कवळीला साधारण चार-पाच खेपा लागतात.

जुनी कवळी असेल तर मापापूर्वी ती किती वेळ काढून ठेवायची ते विचारा. दबलेल्या हिरड्यांना विसावा लागतो. नोंद घेताना खांदे सैल सोडा, दात आवळू नका. दात नसताना जबडा पुढे काढून मिटायची सवय लागते, म्हणून जीभ टाळूला मागे लावायला सांगतात; तसे करा. मेणातले दात घालून आरशात पाहा, 'साठ, सहासष्ट' असे मोठ्याने म्हणा, घरच्यांना दाखवा. बदल तेव्हाच होऊ शकतो.

खर्चाची अडचण असेल तर आपल्या भाईंदरहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरा. तेथे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ सालचे. फोर्टमध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. खेपा जास्त होतील, पण त्या वाया जात नाहीत.

ओठांचे कोपरे मधुमेहाने, रक्तक्षयानेही चिरतात, तेव्हा तपासणी हवीच. आजींना लोहाच्या गोळ्या दिल्या, नवी कवळी झाली आणि पाच महिन्यांत गेलेले वजन परत आले. आता त्या तांदळाची भाकरी आणि सुकट खातात. आणि मी? कोपरे चिरलेला वृद्ध रुग्ण आला की गोळी लिहिण्यापूर्वी सांगतो, "कवळी घाला आणि जरा दात मिटून दाखवा."