रिसेल फ्लॅटची किंमत कधी उतरवायची?

जाहिरात टाकून महिना-दीड महिना झाला, फोन येतात, पण फ्लॅट बघायला कुणी फिरकत नाही? मग आकडाच लोकांना परत पाठवतोय. लोक येतात, बघतात आणि पुढे सरकत नाहीत, तेव्हा मात्र लगेच भाव पाडू नका. आधी छताची ओल, सोसायटीची थकबाकी आणि पार्किंगचे कागद तपासा. पार्किंगवर अडलेला सौदा दोन लाख कमी करून सुटत नाही.

शेजारचे काका 'सव्वा कोटीला गेला' म्हणाले म्हणून भाव ठरवू नये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये आपल्याच इमारतीतल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ बघा. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ सगळं असतं. क्षेत्रफळ कार्पेट की बिल्टअप, हे नीट वाचा. बहुतेकांची गफलत तिथेच होते.

उतरवायचं तर एकदाच, ठसठशीत. १ कोटी २ लाखांचे ९९ लाख केले की एक कोटीपर्यंतचा फिल्टर लावणाऱ्यांना तुम्ही दिसू लागता. दर आठवड्याला पन्नास हजार सोडलेत, तर एजंट आणखी पडायची वाट बघतो. आणि पितृपक्षातल्या शांततेला घाबरून तर मुळीच नको!

खाली जायला मर्यादा आहे ती रेडी रेकनरची. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. रेकनरचं मूल्य सौद्याच्या ११० टक्क्यांपुढे गेलं, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनरवरून मोजतात आणि घेणाऱ्यालाही फरकावर आयकर पडतो. घासाघीस तिथवर पोचली की आधी सीएला फोन लावा.